पाळी गेली म्हणजे स्मरणशक्तीही जाणार? फिरत्या निरोपाला उत्तर

एक निरोप सध्या जोरात फिरतोय. माझ्याकडे तो तिघींकडून आला, तिघीही पन्नाशीच्या अल्याडपल्याडच्या. सारांश असा: ‘पाळी गेली की इस्ट्रोजेन शून्य होतं आणि मेंदू सुकायला लागतो. म्हणूनच अल्झायमरच्या तीन रुग्णांत दोन बायका असतात. चाळिशीनंतरचा विसरभोळेपणा ही त्याचीच सुरुवात. वय कितीही असो, हार्मोनच्या गोळ्या घ्या, स्मृतिभ्रंश टळेल.’

यात थोडं खरंही आहे, म्हणून तर तो पटतो. एकेक वाक्य बघू.

‘इस्ट्रोजेन शून्य होतं, मेंदू सुकतो.’ अंडाशयांकडून येणारं इस्ट्राडिऑल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, खूप घटतं हे खरं, पण शून्य काही होत नाही. शरीरातली चरबी इस्ट्रोन नावाचं सौम्य इस्ट्रोजेन बनवत राहते. मेंदूला या बदलाची दखल घ्यावी लागते, कारण स्मरणाचं काम करणाऱ्या भागातही इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या पेशी असतात. पण सुकतात ते सांडगे.

‘तीन रुग्णांत दोन बायका.’ हा आकडा अमेरिकेतला आहे, अल्झायमरचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकाराचा, आणि तिथे तो साधारण बरोबरही आहे. त्याचं मोठं कारण असं की बायका जास्त जगतात आणि स्मृतिभ्रंशाचा धोका वयाबरोबर वाढतो. भारतात ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीने साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज दिला. इथेही बायकांचं प्रमाण जास्त, आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. आता खेड्यातल्या बाईची पाळी काही वेगळ्या हार्मोनमुळे जात नाही. कमी शिक्षण हा स्मृतिभ्रंशाचा मान्य धोका आहे, आणि आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या कितीजणींची शाळा धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी चौथीतच सुटली, हे आपल्याच घरात विचारून पाहा.

‘विसरभोळेपणा ही सुरुवात.’ या वाक्याचा मला सगळ्यात राग येतो. गॅसवर दूध ठेवून विसरलेली सत्तेचाळिशीची बाई हे वाचून रात्रभर जागते, आणि जागरणाने आणखी विसरते. अमेरिकेत ‘स्वान’ नावाच्या अभ्यासात हजारो बायकांना पाळी जाण्याआधीपासून पुढे कित्येक वर्षं तपासलं गेलं. २००९ मध्ये त्यांनी सांगितलं, की पाळी अनियमित होण्याच्या काळात नवं शिकण्याचा वेग मंदावतो आणि पाळी पूर्ण थांबल्यावर पुन्हा सावरतो. स्मृतिभ्रंश असा सावरत नाही. मात्र रोजचा रस्ता चुकणं, पैशांचा हिशेब न जमणं असं काही दिसलं, तर ते पाळीवर न ढकलता डॉक्टरांना दाखवायचं.

‘वय कितीही असो, गोळ्या घ्या.’ आता घातक भाग. नेमकं हेच अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’च्या एका उपअभ्यासात तपासलं गेलं. पासष्टीपुढच्या ४,५३२ बायकांपैकी काहींना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन हार्मोनची गोळी दिली, काहींना औषध नसलेली साखरेची. २००३ मध्ये निकाल आला: हार्मोन घेणाऱ्यांत ४० जणींना स्मृतिभ्रंश, न घेणाऱ्यांत २१ जणींना. म्हणजे जवळपास दुप्पट. या वयात सुरू केलेली गोळी तारक तर ठरली नाहीच.

यावर प्रतिप्रश्न येतो, की पाळी गेल्या गेल्या सुरू केली तर? ‘कीप्स’ आणि ‘एलिट’ या दोन चाचण्यांत तेच केलं. स्मरणशक्तीचा फायदा दिसला नाही, तोटाही दिसला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या औषधांवरचा स्मृतिभ्रंशाचा ठळक इशारा काढण्याचं जाहीर केलं, त्याचाही दाखला दिला जातो. पण इशारा काढला म्हणजे औषध स्मृतिभ्रंश टाळतं हे सिद्ध झालं, असं होत नाही. अंगातून निघणाऱ्या वाफा, रात्रीचा घाम, उडालेली झोप यांवर हार्मोन उत्तम काम करतात. साठीच्या आत असाल आणि त्रास असेल, तर त्यासाठी घ्यायला लाजू नका. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या असा इतिहास मात्र डॉक्टरांना आधी सांगा.

आता निरोपात जे नाहीच, ते. हार्मोन आणि स्मृतिभ्रंशाचा जास्त काळजीचा धागा पन्नाशीत आपोआप पाळी जाण्याशी नाही, तर अकाली काढलेल्या अंडाशयांशी जुळतो. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं, की नैसर्गिक पाळी जाण्याआधी एक किंवा दोन्ही अंडाशयं काढलेल्या बायकांत पुढे बौद्धिक ऱ्हासाचा धोका सुमारे दीडपट होता, आणि शस्त्रक्रिया जितकी तरुणपणी तितका जास्त. हा निरीक्षणावरचा अभ्यास आहे, पण म्हणूनच अशा तरुण बायकांना पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला डॉक्टर देतात. आपल्याकडे हे फार जवळचं आहे. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या तेरा हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पिशवी काढली आणि अंडाशयं ठेवली, तरी अंडाशयांचं काम काही वर्षं आधी थांबू शकतं. तीही काढली असतील, तर ते एका दिवसात थांबतं.

‘पिशवी काढलीय’ एवढंच अनेकींना ठाऊक असतं. कपाटातला डिस्चार्जचा कागद काढून ‘अंडाशयं ठेवली की काढली?’ हे कोणाकडून तरी वाचून घ्या. काढली असतील आणि वय पंचेचाळिशीच्या आत असेल, तर तो कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.