«नऊ दिवस लावले आणि पिकअप होता तसाच» या रिव्ह्यूला गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. चार दिवस सांगून नऊ दिवस लागले, आणि त्यातले तीन दिवस आमच्याकडून तुम्हाला साधा फोनही गेला नाही. चूक आमची, माफ करा. गाडी दारात नसली की काय चिडचिड होते ते मला कळतं.

उशिराचं कारण असं. कमी आरपीएमची ओढ (लो-एंड) वाढवायला तुमच्या फोर-बाय-फोर गाडीचं क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकांना ताकद पोचवणारी दातेरी चाकांची जोडी, बदलायचं होतं, तेही पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलमध्ये (डाव्या-उजव्या चाकांमधली गिअरची पेटी). दोन्हीचा रेशो (दातांचं प्रमाण) एकच लागतो, नाहीतर फोर-व्हीलला टाकल्यावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात. मागचं काम वेळेत झालं. पुढचं उघडलं तर पिनियनची बेअरिंग खडबडीत निघाली. नवीन येईपर्यंत दोन दिवस गेले. ती बसवून दातांना मार्किंग लावून फिरवलं, तर ठसा दाताच्या मध्यावर यायचा तो टोकाला आला. कागदाच्या जाडीचा शिम (मधली पातळ चकती) बदलला, पुन्हा खोललं, पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा ठसा बरोबर आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, आणि टॉर्च धरायला मुलगा उरला नव्हता म्हणून ती मीच तोंडात धरली होती. ती खडबडीत बेअरिंग तशीच ठेवून बंद केलं असतं तर चौथ्या दिवशी गाडी देता आली असती. पण महिन्याभरात डिफरन्शियल रडायला लागला असता.

हे सगळं फोनवर सांगायला हवं होतं, मान्य.

पण «पिकअप होता तसाच, लो-एंडच्या नावाखाली पैसे घेतले» हे वाक्य मात्र जिवाला लागलं. तुम्ही स्वतः टाकलेला फोटो मी मोठा करून पाहिला. टायरच्या बाजूवर 285/75 आर16 हा साइज स्पष्ट दिसतोय. सर, तुम्ही गाडी आणलीत तेव्हा 245/75 आर16 होते. जॉब कार्डवर तसंच लिहिलं आहे, खाली तुमची सही आहे. मी तेव्हा विचारलंही होतं, पुढे टायर वाढवायचे आहेत का? तुम्ही म्हणालात, «नाही, हेच राहणार.»

इथेच माशी शिंकली. कंपनीतून तुमची गाडी 235/70 वर आली होती, म्हणजे चाकाचा व्यास साधारण 735 मिलिमीटर. 245/75 चा 774. तेवढ्यानेच खालची ओढ पाच टक्के गेली होती, आणि हीच तक्रार घेऊन तुम्ही आलात. इंजिन तोच टॉर्क (फिरवायचा जोर) देतं, पण चाक मोठं झालं की जमिनीवरचा जोर त्याच प्रमाणात कमी होतो. आम्ही 4.10 चा रेशो काढून 4.56 घातला, म्हणजे प्रत्येक गिअरला 11 टक्के जास्त ओढ. टायरचं नुकसान भरून वर साडेपाच-सहा टक्के शिल्लक. शिवाय त्याच वेगाला इंजिन जरा वर फिरतं, त्यामुळे टर्बोचा बूस्ट (इंजिनात दाबून भरलेली जास्तीची हवा) लवकर मिळतो. खरा फरक जाणवतो तो तिथे. डिलिव्हरीच्या दिवशी तुम्ही चढावर गाडी दुसऱ्या गिअरला ओढून पाहिलीत आणि «आता जिवंत झाली» म्हणालात. माझा पोरगा मागच्या सीटवर होता.

नंतर तुम्ही 834 मिलिमीटरचं चाक घातलंत. आता हिशोब करा. कंपनीच्या गाडीपेक्षा चाक 13 टक्के मोठं, रेशो 11 टक्क्यांनीच वाढलेला. म्हणजे मूळ गाडीपेक्षाही जवळजवळ दोन टक्के कमी ओढ, वर त्या टायरचं वजन वेगळं. या टायरला 4.88 लागला असता. मला आधी सांगितलं असतंत तर तोच बसवला असता. मजुरीत काही फरक नव्हता.

मायलेज पडलं म्हणता, त्यातला काही भाग मीटरचा आहे. मीटर आम्ही 245 वर जुळवून दिला होता. आता मीटरवर 100 किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी जवळपास 108 गेलेली असते.

(दुसऱ्या फोटोत, त्या दगडी चढावर, डॅशबोर्डवर लो रेंजचा दिवा लागलेला नाही. सर, फोर-लो (चारही चाकांना ताकद, तीही सगळ्यात खालच्या गिअरिंगवर) अशाच जागेसाठी असतो. तुमच्या गाडीत तो ओढ सुमारे अडीचपट करतो. मी किंवा आणखी कोणी काहीही बसवलं तरी एवढं मिळणार नाही.)

राहता राहिलं «फ्री-फ्लो एक्झॉस्ट आणि रिमॅपला उद्धटपणे नकार दिला.» नकार दिला, हे खरं. तुम्हाला ओढ हवी होती 1,200 ते 1,400 आरपीएमला. तिथे टर्बो फिरवायला इंजिनातून पुरेसा एक्झॉस्ट गॅसच येत नसतो. मागे पाइप कितीही जाड लावला तरी फायदा मिळणार तो वरच्या आरपीएमला, खाली मिळणार आवाज. रिमॅपने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, खाली डिझेल वाढवायचं आणि हवा तेवढीच, तर काळा धूर, उष्णता, आणि तुमचा आधीच अर्धा झिजलेला क्लच. दोन्ही कामं केली असती तर माझं बिल वाढलंच असतं. माझा आवाज चढला असेल, त्या दिवशी गाड्या उचलायच्या दोन लिफ्ट अडकलेल्या होत्या. इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणारा भाग) होस क्लॅम्पपाशी चिरला होता तो बदलून दिला, त्याचे पैसे लावले नाहीत. ते रिव्ह्यूत आलं नाही, असो.

आमचं चार माणसांचं गॅरेज आहे. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून दोघांनी ठरलेलं काम रद्द केलं. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, टायरचा साइज तेवढा त्यात लिहा.

उशीर होणार असेल तर त्याच दिवशी फोन जाईल, याची आता व्यवस्था करतो आहे. टायर पुढे बदलायचा विचार आहे का, तेही जॉब कार्डवर लिहून घेऊ. तुम्हाला 4.88 करायचा असेल तर या, मजुरीचं बघू. जुने 245 अजून ठेवले असतील तर आधी तेच चढवून एकदा चालवून पाहा.

आणि तुमच्या जॅकची दांडी इथेच राहिली आहे. काउंटरमागे ठेवली आहे.

— मालक