मँगोस्टीनचं बी वाळवू नका
मँगोस्टीन हे कोकमाच्या जातकुळीतलं फळझाड बियांपासून कसं लावावं यावरच्या लेखात 'बी सावलीत आठ दिवस वाळवून पेरा' असं लिहिलंय, ते मँगोस्टीनला अजिबात चालत नाही. हे बी सुकलं की मेलंच. मी पहिल्या खेपेला दोडक्याच्या बियांसारखं कागदावर पसरून ठेवलं होतं, बारापैकी एकही रुजलं नाही. पुढच्या वेळी फळ खाल्ल्याबरोबर बीवरचा गर चोळून धुतला, त्यातल्या टपोऱ्या बिया निवडल्या आणि त्याच संध्याकाळी पेरल्या. तिसऱ्या आठवड्यात तांबूस कोंब वर आले, एका बीतून तर चक्क दोन!

लेखातली 'बियांपासूनचं रोप नर निघेल, म्हणजे फळ धरणार नाही' ही भीतीही कोकमावरून आलेली दिसते. कोकमात नर-मादी झाडं वेगळी असतात, तिथे कलमच लावावं. मँगोस्टीन कोकमाचं भावंड असलं तरी त्याचं बी परागीभवनाशिवाय धरतं, त्यामुळे रोप आईसारखंच निघतं. वेळ मात्र लागतो, फळ धरायला सात ते दहा वर्षं सहज जातात. आणि कृपया रोपाला उंच पिशवी वापरा, पहिली दोन-तीन वर्षं सावली द्या. मुळांना बारीक तंतू जवळजवळ नसतातच, लावताना मातीचा गड्डा फुटला की रोपाची वाढ तिथेच खुंटते.