‘पिस-पूअर’ आणि लघवी विकणारी घरं

इंग्रजी शब्दांच्या जन्मकथा सांगणारा एक मेसेज पुन्हा फिरतोय. त्यात म्हटलंय, की चार-पाचशे वर्षांपूर्वी गरीब घरं भांड्यात लघवी साठवून कातडी कमावणाऱ्यांना विकायची. त्यावर जगणारे ते ‘पिस-पूअर’ (‘पिस’ म्हणजे लघवी, ‘पूअर’ म्हणजे गरीब). भांडंही नसलेले त्यांच्याहून कंगाल, म्हणून ‘लघवीला भांडं नाही’ हा वाक्प्रचार आला.

लघवीचा व्यापार होता, हे खरंच आहे. शिळ्या लघवीत अमोनिया तयार होतो आणि त्याने कातड्यावरचे केस सुटतात. रोमन सम्राट व्हेस्पाझियनने तिच्यावर कर बसवला होता. सतराव्या शतकात यॉर्कशरच्या तुरटीच्या कारखान्यांना लंडनहून जहाजाने लघवीची पिंपं जायची. एवढं खरं असल्यामुळेच पुढचंही लोकांच्या गळी उतरतं.

पण ‘पिस-पूअर’ छापात दिसू लागतो तो १९४० च्या दशकात. मधली शतकं तो कुठे होता? असभ्य म्हणून कोणी छापला नाही, असं उत्तर हमखास मिळतं. ते टिकत नाही. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘पिस’ उघड छापलेला आहे. ज्या काळाची ही गोष्ट सांगतात, त्या काळी धर्मग्रंथालाही या शब्दाचं वावडं नव्हतं.

आणि अर्थाचं काय? ‘पिस-पूअर’ प्रामुख्याने खेळाला, नियोजनाला, कामाला म्हणतात. इथे ‘पूअर’ म्हणजे निर्धन नव्हे, निकृष्ट. आपण ‘भिकार सिनेमा’ म्हणतो तेव्हा निर्माता भीक मागतो असं कुठे सुचवतो? तसंच हे. पुढचा ‘पिस’ फक्त जोर वाढवतो. ‘ठार बहिरा’ म्हणताना कोणी मेलेलं नसतं. तिथे ‘ठार’ जे काम करतो, तेच इथे ‘पिस’ करतो. इंग्रजीत ‘स्टोन-डेफ’, ‘डॉग-टायर्ड’, ‘डर्ट-चीप’ अशी कितीतरी विशेषणं याच साच्यातली आहेत. माझ्या मते हा मुद्दा एकटाच पुरेसा आहे. मेसेज रचणाऱ्याने हा शब्द वाक्यात वापरून पाहिला असता, तरी त्याच्या लक्षात आलं असतं.

‘डर्ट-पूअर’ (अतिशय गरीब; ‘डर्ट’ म्हणजे माती) हा शब्द गरिबांच्या घरातल्या मातीच्या जमिनीवरून आला, ही कथाही अशीच. तो विसाव्या शतकातला अमेरिकी शब्द आहे.

राहिलं भांडं. ते विकण्यासाठी लघवी साठवायचं नव्हे. रात्री खाटेखाली ठेवायचं. घरातली सगळ्यात क्षुल्लक वस्तू. तीही नाही, म्हणजे घरात काहीच नाही.