‘कॅप्सूल गिळा, दुर्बीण विसरा’ म्हणणाऱ्यांना

गेले काही आठवडे एक मेसेज फिरतोय. वर जपानचा झेंडा, खाली तळहातावर ठेवलेली एक चकचकीत कॅप्सूल, आणि मजकूर साधारण असा: ‘आता पोटात दुर्बीण घालायची गरज नाही. जपान-इंग्लंडमध्ये ती केव्हाच बंद झाली. जपानी शास्त्रज्ञांनी शोधलेली कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळा. जठरातला अल्सर, ॲसिडिटी, कॅन्सर सगळं मोबाइलवर दिसतं. दुसऱ्या दिवशी कॅप्सूल आपोआप बाहेर. दुर्बिणीने जठराला भोक पडतं, दुसऱ्याचे रोग लागतात, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो. डॉक्टर हे सांगणार नाहीत, कारण त्यांचं कमिशन बुडेल. सरकारी दवाखान्यात फक्त ५०० रुपयांत.’ शेवटी नेहमीचे जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा, एकाचा तरी जीव वाचेल’.

मी एंडोस्कोपीच्या, म्हणजे या दुर्बिणीच्या तपासणीच्या, खोलीत टेक्निशियन आहे. असले मेसेज रोज येतात, मी वाचत बसत नाही. हा मात्र माझ्या आत्याने पाठवला, आणि वर कळवलं की मंगळवारी ठरलेली दुर्बीण तिने रद्द केलीय. ‘आता नळी-बिळी घालत नाहीत गं कुणी. तू तिथंच काम करतेस, तुला कसं ठाऊक नाही?’ आत्या गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या खाते. हिमोग्लोबिन घसरत चाललेलं, जिना चढताना धाप, आणि संडास काळी. तिच्या डॉक्टरांनी दुर्बीण काही हौसेने लिहून दिली नव्हती.

आधी जपानचं निस्तरू. जपानमध्ये दुर्बीण बंद झाली, असं लिहायलासुद्धा धाडस लागतं. आमच्यासारख्या खोल्यांमधल्या कपाटांत जे स्कोप, म्हणजे दुर्बिणीच्या नळ्या, टांगलेले असतात, ते बहुतेक जपानीच कंपन्यांचे: ऑलिंपस, फुजीफिल्म, पेंटॅक्स. जठराचा कॅन्सर तिथे फार, म्हणून १९५० मध्ये ऑलिंपसने टोकियो विद्यापीठातल्या डॉक्टरांबरोबर नळीच्या टोकाला कॅमेरा बसवून तो जठरात उतरवला. आणि २०१६ पासून तिथे पन्नाशी ओलांडलेल्यांना, काहीही त्रास नसला तरी, जठराच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी दुर्बिणीची शिफारस आहे. बंद कसली, ठणठणीत माणसांनाही घालतात.

इंग्लंडच्या बाबतीत अर्धा दाणा खरा आहे. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने २०२१ मध्ये सुमारे ११ हजार रुग्णांना कॅमेऱ्याची कॅप्सूल देण्याचा प्रयोग जाहीर केला होता. पण तो मोठ्या आतड्यासाठी होता, जठरासाठी नव्हे. त्यातही काही सापडलं की पुढे दुर्बीण होतीच. आणि शोध जपानचा नाही. क्षेपणास्त्रांच्या कॅमेऱ्यांवर काम केलेले इस्रायली अभियंता गॅव्हरिएल इडान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात ही कॅप्सूल जगापुढे मांडली, आणि २००१ मध्ये एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, तिला मंजुरी दिली. म्हणजे ‘नवा शोध’ पंचवीस वर्षांचा झालाय.

आता मुख्य गोष्ट. ही कॅप्सूल मुळात जठरासाठी बनलेलीच नाही. ती बनली लहान आतड्यासाठी. तोंडातून घातलेली दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोचते, खालून घातलेली त्याच्या शेवटापर्यंत. मधला कित्येक मीटरचा भाग वर्षानुवर्षं डॉक्टरांना दिसतच नव्हता. तिथे कॅप्सूलने खरोखर क्रांती केली, हे मी आनंदाने मान्य करते. वर-खालून दोन्ही दुर्बिणी करून झाल्या, तरी रक्त कुठून जातंय कळत नाही, अशा माणसाला कॅप्सूल द्यायलाच हवी, आणि आमच्याकडे देतातही. पोटावर सेन्सरचा पट्टा, कमरेला रेकॉर्डर, आणि सव्वीस मिलिमीटर लांब, अकरा मिलिमीटर जाड कॅप्सूल पाण्याच्या घोटाबरोबर आत. आतडं अरुंद असतं, भिंती कॅप्सूलला लागून असतात, आतडंच तिला पुढे ढकलत नेतं. सेकंदाला दोन-तीन फोटो, आठ-दहा तास, म्हणजे पन्नास हजारांच्या वर फोटो.

जठरात यातलं काहीच होत नाही. जठर रिकामं असताना त्याच्या घड्या एकमेकींवर पडलेल्या असतात, मध्ये फेस, चिकट स्राव. कॅप्सूल त्यात जशी पडेल तशी पडते आणि जे समोर आलं त्याचे फोटो काढते. एकाच घडीचे पाचशे फोटो येतील, आणि घडीमागच्या व्रणाचा, म्हणजे अल्सरचा, एकही नाही. कधी ती काही मिनिटांत जठरातून निसटते, कधी तासन्‌तास तिथेच बसते. तिला ‘जरा डावीकडे बघ’ सांगायची सोय नाही. दुर्बीण चालू असताना डॉक्टर काय करतात ते बघा: हवा भरून घड्या उलगडतात, पाणी मारून फेस धुतात, ते पाणी ओढून घेतात, आणि स्कोपचं टोक उलटं वळवून जठराचा वरचा घुमट बघतात. हे सगळं पाच-दहा मिनिटांत. साध्या कॅप्सूलच्या फोटोंवरून ‘जठर नॉर्मल’ म्हणणं म्हणजे खिडकीतून डोकावून घर स्वच्छ असल्याचं सर्टिफिकेट देणं.

यावर कुणीतरी चीनचा अभ्यास तोंडावर फेकणार, म्हणून मीच सांगते. चुंबकाने फिरवता येणारी कॅप्सूल आहे, आणि ती खास जठरासाठीच आहे. २०१६ मध्ये चीनमधल्या सात केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटाच्या तक्रारी असलेल्या ३५० जणांची आधी ही कॅप्सूल झाली आणि मग नेहमीची दुर्बीण. दुर्बिणीला दिसलेल्या दोषांपैकी सुमारे ९० टक्के कॅप्सूललाही दिसले. रुग्णांना विचारलं तेव्हा ९५ टक्क्यांहून जास्त लोकांनी कॅप्सूलच बरी म्हटली. बरी म्हणणारच. घशातून नळी जाताना येणाऱ्या उमळ्या मी रोज बघते, त्यात काही सुख नाही. या कॅप्सूलला २०२० मध्ये अमेरिकेतही परवानगी मिळाली. तर हो, हे तंत्र खरं आहे आणि पुढे सुधारेलही. पण ते खिशातल्या मोबाइलवर चालत नाही. रुग्ण भरपूर पाणी पिऊन झोपतो, वरून मोठ्या चुंबकाचा यांत्रिक हात फिरतो, आणि तो फिरवायला शिकलेला माणूस लागतो. शिवाय त्या अभ्यासात तपासणी किती खरी ठरली हे कशाशी ताडून ठरवलं? दुर्बिणीशीच. मेसेज लिहिणाऱ्याने एवढं वाचलं असतं तर पहिलंच वाक्य खोडावं लागलं असतं.

आणि समजा, कॅप्सूलने व्रण दाखवला. पुढे काय? कॅप्सूलला हात नाहीत. ती फोटो काढते आणि निघून जाते. काळी संडास म्हणजे बहुतेक वेळा वरच्या भागात, जठरात किंवा त्याच्या लगेच पुढे, रक्त जातंय. आत्या म्हणाली, ‘लोहाच्या गोळ्यांनी होत असेल.’ लोहाने रंग काळपट होतो, खरं आहे. पण चिकट, डांबरासारखी आणि घाण वासाची संडास लोहाने होत नाही. अशा रुग्णाची दुर्बीण शक्यतो २४ तासांत करावी, हा जगभरातला नियम आहे, आणि ती नुसती बघायला करत नाहीत. त्याच नळीतून सुई घालून रक्तस्रावाच्या जागी औषध टोचता येतं, फुटलेल्या शिरेला क्लिप लावता येते, लिव्हर खराब असलेल्यांच्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबरी बँड घालता येतो. रक्त थांबवायची सोय असलेली नळी सोडून नुसता फोटो काढणारी गोळी गिळायची, यात कसला आलाय जीव वाचणं?

‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ हे तर इतकं जुनं आहे की मेसेजवाल्यालाही श्रेय देता येत नाही. माझ्या आजीच्या पिढीपासून ऐकतेय. यामुळे लोक महिनोन्‌महिने थांबतात आणि मग अन्ननलिकेतून पाणीसुद्धा उतरेनासं झालं की येतात. तुकडा म्हणजे काय, ते मी समोर बघते: स्कोपमधून एक बारीक चिमटा जातो, त्याच्या वाट्या दोन-तीन मिलिमीटरच्या. तो आतल्या अस्तराचा कण पकडतो, एक हलका झटका, रक्ताचा एखादा थेंब, संपलं. त्या कणाने कॅन्सर पसरत नाही. उलट त्याच्याशिवाय तो कॅन्सर आहे की नुसती सूज, आहे तर कुठल्या जातीचा, हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय कुठलाही शहाणा सर्जन सुरी उचलत नाही की केमो सुरू होत नाही. दुसरा एक तुकडा एच. पायलोरी या व्रण करणाऱ्या जंतूच्या तपासणीला जातो. पिवळ्या किटमध्ये कण टाकला आणि जंतू असला की किट गुलाबी होतं, कधी कधी रुग्ण खोलीतून बाहेर पडायच्या आत.

आत्याचं किट गुलाबी झालं. बरीच भांडाभांडी झाल्यावर ती आली, पण तोवर रक्त चढवण्याची वेळ आली होती. जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या तोंडाशीच व्रण. औषधं सुरू झाली, दुखण्याच्या गोळ्या बंद. मधले दिवस त्या मेसेजने खाल्ले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

‘दुसऱ्या दिवशी आपोआप बाहेर.’ बहुतेकांची येते, दिसतही नाही, फ्लश केली की गेली. पण लहान आतड्याच्या तपासणीत शंभरातल्या एखाद-दुसऱ्याची अडकते, आणि आतडं कुठे आकुंचलेलं असेल तर धोका वाढतो. आतडं आकुंचतं कशाने? क्रोन्सच्या आजाराने (आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारा आजार), पोटात झालेल्या टीबीने (आपल्याकडे तो दुर्मीळ नाही), पोटावर घेतलेल्या रेडिएशनने, आणि लक्ष द्या, वर्षानुवर्षं खाल्लेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी. म्हणजे आत्याच्या वयाची, गुडघे धरलेली माणसंच यात येतात. शंका असेल तर आधी विरघळणारी नकली कॅप्सूल देऊन वाट मोकळी आहे का ते बघतात. अडकलेली कॅप्सूल काढायला लांब दुर्बीण लागते, नाहीतर ऑपरेशन. ती बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही. हे मेसेजमध्ये कुठे आहे?

दुसऱ्याचे रोग लागतात, हा आरोप मला वैयक्तिक झोंबतो, कारण स्कोप धुणं हे माझंच काम. प्रत्येक रुग्णानंतर गळती तपासायची, एन्झाइमच्या द्रावणात बुडवायचा, आतल्या प्रत्येक वाहिनीतून ब्रश फिरवायचा, ब्रश स्वच्छ बाहेर येईपर्यंत फिरवायचा, मग जंतुनाशकात ठरलेली मिनिटं, मग धुणं, मग वाळवणं. सगळीकडे हे नीट होतंच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. जिथे स्कोप कमी आणि रांग मोठी, तिथे घाई होते. तेव्हा ‘स्कोप कसा धुता?’ असं विचारा. विचारणाऱ्या रुग्णाचा मला तरी कधी राग आलेला नाही. जठराला भोक पडणं हे नुसत्या बघण्याच्या दुर्बिणीत हजारोंत एखादं. उमळ्यांची भीती असेल तर झोपेचं इंजेक्शन मागा, बहुतेक ठिकाणी मिळतं.

ॲसिडिटी कॅमेऱ्याला दिसत नाही, एवढं पुरे. मोबाइलवर बघणं म्हणजे पन्नास हजार फोटो स्वतः चाळणं. आणि ‘काही तयारी नको’ असं एका मेसेजमध्ये जोडलेलं पाहिलं, तेही खोटं. रात्रीपासून उपाशी राहावं लागतंच, बऱ्याचदा पोट साफ करायचं औषधही प्यावं लागतं.

कॅप्सूल किंवा दुर्बीण, दोन्ही टाळता येण्यासारखे रुग्ण आहेत. तरुण वय, नुसती जळजळ, वजन टिकून, गिळायला त्रास नाही, रक्त नाही, अशांना डॉक्टर आधी औषध देऊन बघतात, किंवा श्वासाच्या अथवा संडासच्या तपासणीवरून एच. पायलोरी शोधतात. हे स्वस्त आणि बिननळीचं आहे, पण यावर मेसेज फिरत नाही, कारण त्यात जपान नाही.

राहिलं कमिशन. साध्या दुर्बिणीचा खर्च काही हजारांत असतो. कॅप्सूल एकदाच वापरून टाकून द्यायची, त्यामुळे तिचं बिल कित्येक पट जास्त, दहा-दहा हजारांच्या गड्ड्यांत मोजायचं. डॉक्टरांना नुसता पैसाच काढायचा असता तर त्यांनी हा मेसेज स्वतःच पाठवला असता. आणि ५०० रुपयांत कॅप्सूल देणारा तो सरकारी दवाखाना कुठल्या गावात आहे, ते पाठवणाऱ्याने मला कळवावं. माझ्याकडे पत्ता विचारणारे रोज येतायत.