रव्याच्या डब्यातलं गुपित

आमच्या कपाटाच्या लॉकरची किल्ली रव्याच्या डब्यात असते. हे गुपित आहे. म्हणजे ते आईला, मला, बायकोला, पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना आणि एकदा उपमा करायला घेतलेल्या धाकट्या मेव्हण्याला माहीत आहे, पण कुणी बोलत नाही.

परवा शनिवारी संध्याकाळी साडेसातला मॅनेजरचा फोन आला. "अरे, क्लायंटचा रिपोर्ट उघडत नाहीये. डेटाबेसचा पासवर्ड चालतोय का बघ. सीक्रेट्सची यादी काढायची, आत बघायचं. दोन मिनिटांचं काम." आयटीतली दोन मिनिटं म्हणजे लग्नातलं 'पंगत बसतेच आहे'. ज्याने हे सगळं उभं केलं तो मुलगा महिन्यापूर्वी नोकरी सोडून गेला. जाताना सगळ्यांना आंबाबर्फी वाटली, पासवर्ड मात्र क्लस्टरमध्येच, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांच्या ताफ्यात, 'सीक्रेट' नावाच्या कप्प्यात ठेवून गेला.

हे क्लस्टर कुबरनेटीसचं. कंटेनर नावाचे, आत एकेक प्रोग्रॅम भरलेले शेकडो डबे कुठे चालवायचे, कुठला बंद पडला की उठवायचा, हे कुबरनेटीस सांभाळतो. शब्द ग्रीक, अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजे आपल्याकडचा तांडेलच. 2015 मध्ये 1.0 आवृत्ती आली, तरी त्याच्या कमांडचा उच्चार काय यावर अजून एकमत नाही. क्यूब-सीटीएल, क्यूब-कंट्रोल, क्यूब-कडल, ज्याला जे जमेल ते. मी ती फक्त टाइप करतो, चारचौघांत उच्चारत नाही.

तर टाइप केलं, 'गेट सीक्रेट्स'. उत्तर आलं, डीफॉल्ट नेमस्पेसमध्ये काहीही सापडलं नाही. माझ्या पोटात गोळा आला. सगळं उडालं? आणि उडालं तेव्हा कीबोर्डवर कोण होतं? मी! मग आठवलं, नेमस्पेस सांगितलं नाही तर हा बाबा फक्त डीफॉल्ट नावाच्या खोलीत डोकावतो आणि घरात कुणी नाही म्हणून सांगतो. डॅश एन देऊन योग्य खोली दाखवली. आता उत्तर आलं, 'फॉरबिडन'. मनाई!

सिक्युरिटीवाल्या पोराला फोन लावला. तो कुठल्याशा रिसेप्शनमध्ये होता, मागे सनई. "सर, नुसती यादी बघायची परवानगी असं इथे काही नसतं. यादीच्या उत्तरातच आतला ऐवज येतो. 'लिस्ट' दिलं म्हणजे सगळंच दिलं." त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून जास्त राग आला. आहेर देऊन, जेवून, त्याने साडेनऊला परवानगी दिली.

आणि मग यादी आली. आली म्हणजे कोसळलीच. क्लस्टरवर सॉफ्टवेअर बसवणारं हेल्म नावाचं हत्यार प्रत्येक इन्स्टॉलेशनची नोंदही सीक्रेट म्हणूनच ठेवतं, आणि सांगितलं नाही तर एकेकाच्या मागच्या दहा आवृत्त्या जपतं. किल्ली शोधायला कपाट उघडावं आणि अंगावर लाइटबिलांची थप्पी पडावी, तसं झालं. त्या ढिगाऱ्यात डीबी-सीक्रेट, डीबी-सीक्रेट-न्यू, डीबी-सीक्रेट-न्यू-2, डीबी-सीक्रेट-फायनल आणि डीबी-सीक्रेट-डू-नॉट-यूज अशी पाच भावंडं होती. चालू ॲप्लिकेशन कुठलं वापरत होतं? अर्थात शेवटचं.

'डिस्क्राइब' म्हटलं तर त्याने सांगितलं, पासवर्ड, 12 बाइट्स, म्हणजे बारा अक्षरं. दागिना न दाखवता नुसतं वजन सांगणारा सराफ! प्रकाराच्या रकान्यात भारदस्त शब्द, 'ओपेक'. अपारदर्शक. शेवटी वायएएमएल नावाच्या साध्या मजकुराच्या मांडणीत सगळं ओकायला लावलं, तेव्हा बेस-64 मधली अक्षरं हाती लागली.

आई मागे दूध घेऊन उभी होती. "हे कुलूप का?"

"कुलूप नाही गं. नुसतं वेगळ्या अक्षरांत लिहिलंय. एका कमांडने परत सरळ होतं."

"म्हणजे च-ची भाषा."

याहून नेमकं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. लहानपणी मी आणि ताई 'चाडूल चुठेक' असं कुजबुजायचो आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "लाडू वरच्या फळीवर आहेत, हात लावलात तर बघा!" बेस-64 ची गुप्तता एवढीच. तिकडे नुसत्या यादीला ही मनाई, आणि आत चाडूल.

उलगडलेला पासवर्ड समोर आला, मी तो उचलून चिकटवला. चुकीचा. परत चिकटवला. चुकीचा. तिसऱ्यांदा खातं बंद! मग बारकाईने बघितलं. शेवटी उलट्या रंगात एक टक्क्याचं चिन्ह होतं. ते पासवर्डचं नव्हतंच. मजकूर नवी ओळ न देता संपला, हे दाखवायला माझ्या टर्मिनलमधली झेडशेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, ते स्वतःच काढते. मी तिन्ही वेळा 12 ऐवजी 13 अक्षरं दिली होती.

डेटाबेसवाल्या मॅडमना साडेअकराला उठवलं. त्यांनी खातं उघडलं, मी काय विचारलं त्यातलं एक अक्षरही न ऐकता नवा 12 अक्षरी पासवर्ड दिला, "सीक्रेटमध्ये तुम्हीच घाला" म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी 'एको' कमांडने तो बेस-64 मध्ये वळवला आणि नवं सीक्रेट तयार केलं. नाव काय द्यावं यावर पाच मिनिटं गेली. डीबी-सीक्रेट-फायनल-खरंच.

मॅनेजरला 'झालं' असा मेसेज टाकला. त्याने अंगठा पाठवला. दूध गार झालं होतं, ते प्यायलो. लॅपटॉप मिटण्याआधी, आपलं सहज, 'डिस्क्राइब' करून बघितलं.

पासवर्ड, 13 बाइट्स.

बोटांवर अक्षरं मोजली. बारा. परत मोजली. 'एको' न सांगता शेवटी एक नवी ओळ चिकटवतो, हे मला दुसऱ्या मोजणीच्या दहाव्या बोटावर आठवलं.

"आता काय झालं?" आईने दिवा मालवता मालवता विचारलं.

"चाहीक चाहीन," मी म्हणालो.

"काही नाही म्हणे," आई म्हणाली, आणि परत दूध तापवायला गेली.