कुऱ्हाड बोथट नको, सुरी धारदार नको

परवा मांजलपुरात ताईच्या सोसायटीमागे भाच्याने कडुनिंबाच्या खोडावर स्वयंपाकघरातली सुरी फेकली. सहाव्यांदा ती आडवी लागली. मुठीचे दोन्ही पितळी रिव्हेट उडाले आणि पातं उलटं येऊन त्याच्या चपलेच्या पट्ट्यात रुतलं. अंगठ्यापासून बोटभर अंतरावर. मी पोचलो तेव्हा पोरगा पांढराफटक पडला होता, आणि मोबाइलवर तोच फॉरवर्ड उघडा होता जो आमच्या वडोदऱ्यातल्या मराठी ग्रुपांवर महिनाभर फिरतोय: 'घरच्या घरी कुऱ्हाडफेक, सुरीफेक, भालाफेक'. माझ्याकडेच तीनदा आलाय. पंधरा वर्षं अखाड्यात लाठी-भाला शिकवतोय मी. आता गप्प बसवत नाही.

त्यातलं सगळ्यात घातक वाक्य हे: 'नवशिक्यांनी कुऱ्हाड बोथट ठेवावी, सुरीला मात्र चांगली धार लावावी.' बरोबर उलटं आहे! कुऱ्हाडीची लाकडात शिरते ती धार. ती बोथट असली की कुऱ्हाड शिरत नाही, नुसती आदळते, आणि आदळलेली जड वस्तू परत फिरते. सुरीचं रुततं ते टोक. फेकायची सुरी एका जाड पोलादी पट्टीची असते, वेगळी मूठ नसते, आणि तिच्या कडा मुद्दाम बोथट ठेवतात, कारण कित्येक जण ती पात्याकडून धरूनच फेकतात. भाजीच्या सुरीला धार लावून तशी फेकली तर लाकडाआधी तळहात कापेल. शिवाय तिचं पातं पातळ आणि कडक, आडवं लागलं की तुटतं. कुऱ्हाड, सुरी, भाला यांना सरसकट 'हत्यार' म्हणून एकच नियम लावला की असं होतं.

पुढे म्हणे, 'नेम चुकला तर हत्यार खाली पडतं, मागे येत नाही.' 2018 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधला एक व्हिडिओ जगभर फिरला होता. बाईने कुऱ्हाड फेकली, ती उसळून थेट तिच्या डोक्याकडे आली, बाई वेळेत वाकली म्हणून वाचली. तेही खास फेकण्यासाठी बांधलेल्या जागेत. आपल्या अंगणात तर फरशी, दगड, पाण्याची टाकी.

जागतिक कुऱ्हाडफेक लीगची नियमावली एकदा वाचाच. छोट्या कुऱ्हाडीसाठी फेकरेषा फळ्यापासून 12 फुटांवर. पायात बंद बूट. शेजारी शेजारी उभे असलेले दोघेही फेकून झाल्याशिवाय कोणी कुऱ्हाड काढायला पुढे जायचं नाही. फॉरवर्ड सांगतो, 'पाच फुटांवरून सुरुवात करा, जवळून सोपं जातं.' जवळून कुऱ्हाडीची गिरकीच पुरी होत नाही; ती दांड्याने किंवा पाठीने आपटते. 12 फुटांच्या आसपास एक पूर्ण गिरकी बसते, म्हणून ते अंतर. आणि 'कुठलंही झाड चालेल' हेही नाही. कडुनिंबाचं जिवंत खोड टणक आणि गोल, त्यावरून पातं घसरतं. फळा मऊ लाकडाचा, सपाट लागतो. झाडाला जखम होते ती वेगळीच.

'भालाफेक म्हणजे नीरज चोप्राचाच खेळ, अंगणात करा.' नाही. मैदानी भालाफेक अंतराची आहे, फळ्यात रुतवायची नाही. पुरुषांचा भाला 800 ग्रॅमचा. 1984 मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होनने तो 104.80 मीटर फेकला, शिवाय भाले आडवे पडून घसरत होते, तेव्हा 1986 पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य 4 सेंटिमीटर पुढे सरकवावा लागला, म्हणजे तो लवकर टोकावर खाली यावा. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये जागा पुरेना, आणि हे सोसायटीत फेकायला सांगतात!

'आपला विटा म्हणजेच टॉमहॉक' हे वाचून तर मला वाईट वाटलं. विटा ही दोरी बांधलेली बरची, फेकून दोरीने परत ओढायची. टॉमहॉक ही उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची हातकुऱ्हाड. शब्दही त्यांच्याच भाषेतला. अभिमान बाळगायचा तर नाव तरी नीट घ्या.

एक गोष्ट अर्धी खरी आहे, ती मान्य करतो. 'कुऱ्हाडीला परवाना लागत नाही.' शस्त्र नियम 2016 च्या यादीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची शस्त्रं येतात. त्यातून घरकामाची आणि शेतीची अवजारं वगळली आहेत, आणि परवान्याची अटही सरकारने अधिसूचित म्हणून जाहीर केलेल्या भागापुरतीच. पण त्याच यादीत भाला नाव घेऊन आहे, हे फॉरवर्डने गाळलं. आणि कुंपणापलीकडे कोणाला लागलं तर परवान्याचा प्रश्नच उरत नाही. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्या कृत्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम 125 आहे.

ती मोडकी सुरी मी भाच्याकडून घेऊन आलोय. रविवारी सकाळी तो अखाड्यात येणार आहे, बंद बूट घालून.