नोटीस बोर्डावरचा बाप्तिस्मा

डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसच्या नोटीस बोर्डावर काय लागतं ते बेळगावकरांना सांगायला नको. टेंडर, लिलाव, भूसंपादन. डिसेंबर 2021 मध्ये इथल्याच सुवर्ण विधानसौधात, नाताळच्या दोन दिवस आधी, कर्नाटक विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं. त्यानुसार याच बोर्डावर आणखी एक कागद लागायचा होता: अमुक व्यक्तीला धर्म बदलायचा आहे, कुणाची हरकत असल्यास 30 दिवसांत कळवावी. तहसीलदार ऑफिसातही तीच नोटीस. धर्म बदलणाऱ्याने 30 दिवस आधी अर्ज द्यायचा, बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकानेही (म्हणजे पाद्र्यानेही) द्यायचा, सगळं झाल्यावर परत कळवायचं. तक्रार आईवडील, भाऊबहीण, नातेवाईक यांच्यापैकी कुणीही करावी, ऑफिसातल्या सहकाऱ्यानेसुद्धा. जबरदस्ती झाली नाही हे सिद्ध करायचं आरोपीने. आधीच्या धर्मात परत जाणाऱ्याला मात्र यातलं काहीच लागू नाही!

2022 मध्ये त्याचा कायदा झाला. जून 2023 मध्ये सिद्धरामय्या मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. तरी मी आज लिहितोय, कारण त्यामागचा प्रश्न अजून चहाच्या टपरीवर ऐकू येतो. "मनापासून बदलताय ना? मग सांगायला काय जातं?"

पुष्कळ जातं. खानापूरकडच्या एखाद्या खेड्यातली मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिचं नाव तहसीलदाराच्या बोर्डावर लागलं, तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळणार. त्या 30 दिवसांत तिचा मोबाईल काढून घेतील, मामाच्या गावी नेऊन ठेवतील, घाईघाईने सोयरीकही उरकतील. असल्याच आगाऊ नोटिशीची अट हिमाचल प्रदेश हायकोर्टाने 2012 मध्ये घटनाबाह्य ठरवली होती. मराठी लेखक बाबा पदमनजी आपल्या बेळगावात जन्मले आणि 1854 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा गोऱ्या कलेक्टरनेसुद्धा महिनाभर आधी अर्ज मागितला नव्हता.

(बायबलमध्ये दारयावेश राजाचं एक फर्मान आहे. राजा सोडून दुसऱ्या कुणाकडे प्रार्थना केली तर सिंहांच्या गुहेत टाकणार. मुदत किती? 30 दिवस. सरकारी लोकांना हा आकडा फार जुन्या काळापासून आवडतो.)

आता माझ्या मराठी मित्रांना एक विचारतो, राग मानू नका. दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड पाहिजे असा कायदा आला तेव्हा आपण किती चिडलो! माझ्या दुकानाच्या पाटीवर माझी भाषा किती ठेवायची हे बेंगळूरने का ठरवावं, असं म्हणालो. बरोबरच म्हणालो. मग पाटीच्या बाबतीत जे आपल्याला इतकं लागतं, ते शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याच्या बाबतीत चालतं कसं?

कागदाचा जाच आम्हा ख्रिस्ती लोकांना नवा नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी मुख्यतः हिंदूंना होता, 1956 मध्ये शिखांना मिळाला, 1990 मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती माणसाला आजही नाही. म्हणून कितीतरी घरांत दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा. सप्टेंबर 2025 मध्ये कर्नाटक सरकारचं सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण सुरू झालं, शिक्षक मंडळी मोबाईल घेऊन दारोदार फिरली. 60 प्रश्न! अशा घरात 'धर्म कोणता' हा साधा प्रश्न राहत नाही. खरं सांगावं तर पोराची शिष्यवृत्ती आणि नोकरी डोळ्यांसमोर येते, खोटं सांगावं तर रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला (ख्रिस्ताच्या आठवणीत घ्यायच्या भाकरी-द्राक्षरसाला) हात पुढे होत नाही. उत्तर देणं ऐच्छिक आहे असं हायकोर्टाने सांगितलं होतं, पण ते दारातल्या माणसापर्यंत किती पोचलं कोण जाणे. या लोकांना व्यासपीठावरून 'नावाचे ख्रिस्ती' म्हणून हिणवणारे पाळक मी ऐकलेत. त्यांची स्वतःची मुलं कॉन्व्हेंटमध्ये शिकतात, त्यांना असला पेच कधी पडलेला नसतो.

आणि खरं दुखणं तिथेच आहे. आमच्यावर नोटीस आली की आम्ही विवेकस्वातंत्र्य म्हणतो, राज्यघटनेचं धर्मस्वातंत्र्याचं 25 वं कलम काढतो, 2017 चा पुट्टस्वामी निकाल काढतो. (ते न्यायमूर्ती पुट्टस्वामी कर्नाटक हायकोर्टाचेच निवृत्त न्यायाधीश.) खासगी आयुष्य हा मूलभूत हक्क आहे असं त्या निकालात नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं. त्याच निकालाचा आधार घेऊन 2018 मध्ये 377 कलमातला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग गेला. तेव्हा ते कलम राहू द्या म्हणून कोर्टात उभ्या राहिलेल्यांत ख्रिस्ती संघटनाही होत्या. म्हणजे दुसऱ्याच्या शेजघरात पोलीस चालतील, आमच्या प्रार्थनेच्या खोलीत चालणार नाहीत!

उत्तराखंडमध्ये जानेवारी 2025 पासून लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडप्यांना सरकारदरबारी नोंद करावी लागते. जोडप्यातलं कुणी 21 वर्षांखालचं असेल तर आईबापाला कळवतात. आमच्या ग्रुपवर एका वडीलधाऱ्यांनी ही बातमी हात जोडून 'आमेन' लिहून टाकली. काका, तुमच्या मुलाने लग्नाशिवाय एकत्र राहून पाप करू नये असं तुम्हाला वाटतं, मलाही वाटतं. त्याला घरी बसवून बोला, त्याच्यासाठी गुडघे टेका. पण रजिस्ट्रारने त्याचं नाव लिहून घ्यावं म्हणून आमेन म्हणणार असाल, तर उद्या त्याच टेबलावर तुमच्या सुनेच्या बाप्तिस्म्याचा अर्ज येईल तेव्हा काय म्हणणार?

फसवणूक करणारे, चमत्काराच्या नावाखाली गरिबांच्या खिशात हात घालणारे आमच्यातही आहेत. त्यांच्यावर जरूर गुन्हा दाखल करा, फसवणुकीचा कायदा आहेच की. त्यासाठी विश्वास ठेवणाऱ्याला बोर्डावर टांगायची गरज नाही.

हे सगळं चर्चच्या कमिटीच्या बैठकीत बोललो तर 'हा मनुष्य उदारमतवादी झालाय' असा शेरा मिळतो, म्हणून इथे लिहिलं. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या घरात सरकारने डोकवावं म्हणून निवेदनावर सह्या गोळा करायला याल, तर माझ्या दारी चहा मिळेल, सही मिळणार नाही.